डुगडुगणारा पोळपाट

नवरात्र संपलं की घराघरांतले माळे उघडतात. पुण्यातल्या एका जुन्या घरातही तसंच झालं. शिडी लागली आणि वर्षभर अंधारात बसलेल्या वस्तू एकेक करून खाली आल्या. पितळी सोऱ्या, करंज्यांचं कातणं, मोठी परात आणि जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेला एक सागवानी पोळपाट. घरातल्या आजींच्या सासूबाईंचा. तो पुसून ओट्यावर ठेवला, शंकरपाळ्यांचा पहिला गोळा त्यावर आला आणि लाटणं फिरताच पोळपाट डुगडुगला. खाली कागदाची घडी सरकवली, ती निसटली. मग ओलं फडकं घातलं, तेही सरकलं. शेवटी सुनेने स्टीलचा पोळपाट काढला आणि सागवानी पोळपाट पुन्हा साडीच्या फडक्यात गेला.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘दुरुस्ती’ हा विषय दिला, तेव्हा शोध सुरू झाला तो या पोळपाटापासून. तो बिघडला होता की नुसता रुसला होता? आणि बिघडला असेल, तर तो कुणाकडे न्यायचा? मिक्सर नेण्याची दुकानं गल्लोगल्ली आहेत. कुकरची शिटी रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस बदलून देतो. पण पोळपाट, लाटणं, रवी, विळी, डवला (करवंटीची पळी) दुरुस्त करून मिळतात, ही गोष्टच बहुतेक घरं विसरून गेली आहेत.

त्या पोळपाटावर पट्टी ठेवली तेव्हा पहिला उलगडा झाला. लाकडाच्या रेषांच्या दिशेने तो बरोबर दहा इंच भरला. रेषांना आडवी पट्टी ठेवली तर पाव इंच कमी. कधीकाळी कातून अचूक गोल केलेला पोळपाट लांबट झाला होता.

लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही

झाडाचं खोड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. झाड जिवंत असताना त्या नळ्या पाण्याने भरलेल्या असतात. झाड तोडलं की आधी नळ्यांमधलं पाणी जातं आणि तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. मग नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं पाणी निघू लागतं. ओलावा साधारण 28-30 टक्क्यांच्या खाली आला की लाकूड खरं आकसायला लागतं. ते लांबीत जवळजवळ कमी होत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने मात्र भरपूर आकसतं. सालीकडून गाभ्याकडे त्याच्या सुमारे निम्मं. म्हणून गोल वस्तू लांबट होते, आणि म्हणूनच पोळपाटाला भेग पडते ती कायम रेषांच्या बाजूने. रेषा तोडून आडवी भेग गेलेला पोळपाट सहसा दिसायचा नाही, आणि दिसलाच तर तो उंचावरून पडलेला असतो.

हे आकसणं-फुगणं एकदाच होऊन थांबत नाही. हवा बदलली की लाकूड पुन्हा हलतं. सावंतवाडी-रत्नागिरीकडे भर पावसात उघड्यावर ठेवलेल्या लाकडात 16-18 टक्के ओलावा सहज असतो. तेच लाकूड मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या झळांत गेलं तर पाच-सहा टक्क्यांवर येतं. कोकणातून हौसेने नेलेला पोळपाट विदर्भात पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो, त्याचं कारण एवढंच. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांचंही तेच दुखणं आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात घरात सतत हीटर चालतो, आतली हवा नागपूरच्या मे महिन्यासारखी कोरडी होते आणि रुखवतातून गेलेलं पोळपाट-लाटणं जानेवारीत चिरतं. अशा ठिकाणी लाकडी वस्तू हीटरच्या झडपेपासून आणि शेगडीच्या कडेपासून लांब ठेवायची. तेलमेणाचा हातही जरा जास्त वेळा द्यायचा, म्हणजे ओलावा हळूहळू जातो. लाकडाला कोरडेपणापेक्षा घाई जास्त बाधते.

आता डुगडुगण्याकडे येऊ. पोळ्या झाल्या की आपण पोळपाट वरून धुतो, फडक्याने वरूनच पुसतो आणि ओल्या ओट्यावर आडवा ठेवून देतो. वरची बाजू तासाभरात सुकते. खालची बाजू ओली राहते आणि फुगते. एक बाजू फुगलेली, दुसरी आकसलेली, त्यामुळे पोळपाटाला बाक येतो, पोट खाली येतं आणि तो डोलायला लागतो.

अशा पोळपाटावर लगेच रंधा मारायचा नसतो. चांगला सुतार तो आधी हातात घेतो, डोळ्यांच्या रेषेत धरून बाक बघतो आणि परत देतो. चार दिवस भिंतीला उभा टेकवून ठेवा, दोन्ही बाजूंना सारखी हवा लागू द्या, उन्हात ठेवू नका, मग आणा. यातले बरेच पोळपाट चार दिवसांत आपोआप सरळ होतात. त्यांना झालेलं काही नसतं, फक्त निजायची पद्धत चुकलेली असते. जुन्या स्वयंपाकघरात पोळपाट कायम भिंतीला टेकवून उभा असायचा. ती जागा वाचवायची युक्ती तर होतीच, पण त्यातच त्याची निगा होती.

चार दिवसांनीही डुगडुग राहिली, तर मात्र बैठक घासावी लागते. कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या पोळपाटांना तीन पाय दिसतात, ते उगीच नाहीत. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर टेकतातच, मग जमीन शेणाने सारवलेली आणि खडबडीत का असेना. चार पाय किंवा तळाला गोल कडं असेल तर जमीन सपाट लागते आणि लाकूडही न हललेलं लागतं. गोल बैठकीचा पोळपाट सरळ करायला ग्रॅनाइटचा ओटा उत्तम. ओट्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर तोंड वर करून चिकटपट्टीने लावायचा, पोळपाटाच्या कड्यावर खडू फासायचा आणि तो पेपरवर हलक्या हाताने फिरवायचा. जिथला खडू आधी जातो तो उंचवटा. सगळीकडचा खडू सारखा निघू लागला की बैठक जमली. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते कुणालाही जमतं. पुण्यातल्या त्या घरातल्या सुनेने हे असंच केलं. पोळपाट टेकला.

कातीव

तुळशीबागेत राममंदिराच्या आसपासच्या बोळांतून फिरताना लाकडी वस्तूंची दुकानं वासावरूनही सापडतात. पोळपाट एकावर एक रचलेले, लाटण्यांचे जुडगे, लहान-मोठ्या रव्या, पाट, चौरंग आणि पोरींच्या भातुकलीत जाणारे रंगीत लाकडी चूल-बोळकी. दसरा ते दिवाळी इथे उभं राहायला जागा नसते. गर्दीतही जाणती बाई पोळपाट घेताना तीन गोष्टी बघते. तो फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबते. मग उलटा करून रेषा बघते, कारण खोडाचा अगदी मधला बिंदू पोळपाटात आला असेल तर तो पुढेमागे तिथूनच फाटणार. आणि शेवटी बोटाच्या सांध्याने वाजवते. मुरलेलं, सुकलेलं लाकूड टणक आवाज देतं, ओलं लाकूड बद्द वाजतं.

लाटण्याची परीक्षा याहून सोपी. सपाट फळीवर ते सोडायचं आणि खालून डोळा लावायचा. ते लंगडत गेलं, मध्ये उजेड दिसला, तर लाटणं वाकलंय. पोळ्या एका बाजूला जाड होतात, त्याचा दोष कितीतरी घरांत सुनेच्या हाताला लागला असेल. तो बऱ्याचदा लाटण्याचा असतो.

या वस्तू घडवणारा तो कातारी. लाकूड फिरतं ठेवून त्यावर पटाशी धरायची आणि गोल आकार काढायचा, हे त्याचं काम. पूर्वी एकजण दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवी आणि दुसरा हत्यार धरी. आता विजेच्या मोटारीवरचा लेथ आहे. आपल्या भाषेत ‘कातीव’ हा शब्द आला तो या कामातून. कातीव चेहरा, कातीव देह असं आपण सहज लिहून जातो. त्यामागे लेथवर फिरणाऱ्या लाकडाची गुळगुळीत, नेमकी कड आहे.

वाकलेलं लाटणं पुन्हा लेथवर चढवून सरळ करता येतं. ते थोडं बारीक होतं, पण जातं सरळ. लेथच्या दोन टोकांत पकडलेलं जुनं लाटणं फिरू लागलं की त्याचा बाक आधी धूसर कडेसारखा दिसतो. कारागीर पटाशी टेकवतो तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांत ती एकाच बाजूला लागते, टक-टक-टक असा तुटक आवाज येतो. हळूहळू तो आवाज सलग होतो. सलग झाला की लाटणं गोल झालं. कारागिराला मोजपट्टी लागत नाही, त्याचं कान देऊन काम चाललेलं असतं. काळपट, तेलकट थर निघून आतलं ताजं पिवळसर लाकूड दिसतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या सागाचा वास दुकानभर होतो.

सगळी लाटणी एकसारखी नसतात. पोळीचं लाटणं मध्ये किंचित फुगीर आणि टोकांकडे निमुळतं. पापडाचं बारीक, अनेकदा अंगावर रेघा असलेलं. काहींच्या मुठी वेगळ्या बसवून आत खिळ्यावर फिरत्या ठेवलेल्या असतात. ती हातात छान वाटतात, पण मुठीच्या फटीत पीठ जातं, ओल जाते आणि तिथूनच ती कुजतात. दुरुस्त करता येईल असं लाटणं हवं असेल तर एकसंध लाकडाचं घ्यावं. महाराष्ट्रात लाटण्याने रस्त्यावरचं राजकारणही पाहिलं आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध निघालेल्या मोर्चांत बायका लाटणी घेऊन आल्या आणि ते ‘लाटणे मोर्चे’ म्हणून ओळखले गेले. प्रत्येकीच्या घरात हमखास असलेली आणि प्रत्येकीच्या हाताला बसलेली ती वस्तू होती.

रंगीत लाटण्यांबद्दल थोडं. सावंतवाडीच्या लाकडी कामाची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी आणि भांडीही आपल्या बाजारात येतात. खऱ्या लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. ही लाख तापली की पुन्हा मऊ पडते, म्हणून असं लाटणं कढत पाण्यात बुडवायचं नाही आणि गरम तव्याला टेकवायचं नाही. बाजारातल्या स्वस्त रंगीत वस्तूंवर मात्र बऱ्याचदा साधा ऑइलपेंट असतो. जो भाग पिठाला लागतो तो बिनरंगाचाच असावा, मुठीला रंग असायला हरकत नाही. रंगाचे पोपडे उडू लागलेलं लाटणं सरळ लेथवर नेऊन सोलून घ्यावं.

पाचर

लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीतला सगळ्यांत जुना शब्द पाचर. भाषेत तो दुसऱ्याच्या कामात खोडा घालण्यासाठी आला, स्वयंपाकघरात मात्र पाचरीने मोडलेली कामं मार्गी लागतात.

विळीच घ्या. पात्याचं शेपूट पाटाच्या खाचेत ठोकून बसवलेलं असतं. पाट सुकला की खाच सैल होते, पातं हलतं आणि हलणारं पातं म्हणजे बोटाला धोका. बायका खाचेत चिंधी किंवा कागद कोंबतात. चिंधी ओल धरते, ओलीने शेपूट गंजतं आणि लाकूड कुजतं. खाच आणखी मोठी होते. त्याऐवजी सागाची किंवा बाभळीची सुकलेली बारीक पाचर तासायची आणि ती शेपटाच्या जाड बाजूला, पात्याच्या मागून ठोकायची. वर आलेला भाग कापून टाकायचा. पाचर ओली करून ठोकू नये. ती तेव्हा घट्ट वाटते, सुकल्यावर पुन्हा सैल पडते. पात्याभोवती लाकडावर जे निळं-काळं वर्तुळ दिसतं ती बुरशी नव्हे. बाभळीसारख्या लाकडातला तुरट अंश आणि लोखंड ओलीत एकत्र आले की तो डाग पडतो. लिंबू चोळून, धुऊन, सुकवला की तो फिका होतो. तारेच्या घासणीने लाकूड घासू नये, कारण तारेचे तुकडे रेषांत अडकतात आणि तसेच काळे ठिपके उठवतात.

कोकणातला डवला ही तर बिनखिळ्याच्या जोडकामाची शाळा आहे. अर्ध्या करवंटीला समोरासमोर दोन भोकं, त्यांतून आरपार गेलेला निमुळता दांडा. दांडा एका बाजूने जाड, म्हणून तो ठोकत नेला की करवंटीत आवळून बसतो. वापरात तो सैल झाला तर पुन्हा आणखी थोडा ठोकायचा. ठोकून ठोकून दांडा पुरा आत गेला की नवा दांडा घालायचा, करवंटी तीच. आणि करवंटी फुटली तर दांडा तोच, करवंटी नवी. एवढं सरळ गणित असलेली वस्तू आता शहरातल्या मॉलमध्ये गोंदाने चिकटवलेली मिळते. गरम आमटीत गोंद सुटला की ती फेकण्यावाचून गत्यंतर नाही. कोकणी घरात पावसाळ्यात चुलीच्या वर, धुराला टांगलेल्या डवल्यांना बुरशी लागत नसे. गॅस आल्यावर ती धुराची जागा गेली, आता त्यांना वाऱ्याची जागा द्यावी लागते.

जात्याचा खुंटाही पाचरीनेच बसतो. दळताना तो सैल पडला की हलवून बघायचा आणि पुन्हा ठोकायचा. ‘खुंटा हलवून बळकट करणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांच्या बोलण्याला लावतो, पण खुंट्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. न हलवता ठोकला तर तो वाकडा आवळतो. उखळ-मुसळ आज बहुतेक घरांत लग्नाच्या वेळी घाणा भरायलाच बाहेर येतात, आणि नेमक्या त्या दिवशी मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं निसटून हातात येतं. लाकूड वाळून बारीक झालेलं असतं. आदल्या रात्री ते टोक पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला कुणीतरी हमखास देतं. तेवढ्या दिवसापुरता तो चालतोही. नंतर मात्र मुसळाच्या टोकात करवतीने चीर पाडून त्यात पाचर ठोकायची. लाकूड आतून फाकतं आणि कडं कायमचं आवळतं. कुऱ्हाडीचा दांडाही असाच बसवतात.

दारात येणारा सुतार

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915 सालच्या पुस्तकात खेड्यातल्या बलुतेदारांचं जे चित्र आहे, त्यात सुतार पहिल्या मानाच्या कारागिरांपैकी. तो कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर नीट ठेवी आणि त्याबद्दल सुगीला बलुतं घेई. त्याच हातांखालून घरातला पाट, रवी आणि काथवटही जाई. दुरुस्तीचे वेगळे पैसे मोजायचा प्रश्न नव्हता, म्हणून वस्तू मोडायची वाट कुणी बघत नसे. सैल झाली की सुताराकडे जाई. दुरुस्ती लहान असताना होई.

पैशाने काम होऊ लागलं तेव्हा हे बदललं. आज शहरातल्या सुताराची मजुरी दिवसावर असते. त्याच्याकडे कपाटं, प्लायवूड, मॉड्युलर स्वयंपाकघरं यांची कामं असतात. रवीची मोडकी पाकळी घेऊन त्याच्या दारात गेलं तर तो हसतो. त्यात त्याचा दोष नाही. अर्ध्या तासाच्या कामाला तो काय मागणार? नवी रवी त्याहून स्वस्तात येते. पण नवी रवी बहुधा हलक्या, घाईने सुकवलेल्या लाकडाची असते आणि तिच्या पाकळ्या सहा महिन्यांत फाटतात. जुनी रवी जड लाकडाची असते आणि तिची एखादीच पाकळी गेलेली असते. स्वस्ताईचा हा हिशेब दोन वर्षांचा मांडला तर नवी रवीच महाग पडते.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात या वस्तू काचेमागे बघायला मिळतात. दिनकर गंगाधर केळकर यांनी 1920च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केलेला आणि 1975 मध्ये राज्य शासनाच्या हाती सोपवलेला हा संग्रह. त्यात खवण्या आहेत, विळ्या आहेत, सोरे आहेत. रोज हाताळायच्या वस्तूवर मोर, पोपट, घोडा कोरायची हौस बघून माणूस थक्क होतो. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेल्या ‘गोवा चित्र’मध्ये शेतीची आणि घरातली अशीच अवजारं मांडली आहेत. दोन्ही ठिकाणी हात घासून लाकूड कुठे झिजलं आहे ते निरखून बघावं. खवणीचा पाट बसण्याच्या जागी खोलगट होतो, रवीचा दांडा दोरीच्या जागी कंबरेसारखा बारीक होतो. वस्तू किती वर्षं टिकल्या ते त्या झिजेवरून कळतं, आणि सोबत बघणाऱ्या नातवंडाला कुठली वस्तू कशी धरायची तेही न सांगता समजतं.

भेग बुजवावी की राहू द्यावी

पोळपाटाला भेग पडली की पहिला मोह होतो तो फेविकॉल भरायचा. तिथे घाई नको. भेग केसाएवढी असेल आणि काठापासून दोन बोटं आत थांबली असेल, तर ती हवेनुसार उघडते आणि मिटते. पावसाळ्यात ती पार नाहीशीही होते. उन्हाळ्यात, ती पूर्ण उघडी असताना, तिच्यात गोंद भरून घट्ट केली तर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला जागा उरत नाही आणि नवी भेग दुसरीकडे पडते. अशा भेगेत मेण भरावं. मेण लाकडाबरोबर मागेपुढे होतं आणि पीठही आत जाऊ देत नाही.

भेग काठापर्यंत येऊन पोळपाट दुभंगायला लागला असेल, तर गोंदाचं काम आहे. पूर्वी सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, ओलीत मऊ पडतो आणि स्वयंपाकघरात अनेकांना चालतही नाही. साधा पांढरा गोंदही सततच्या पाण्याला टिकत नाही. पाण्याला टिकणारा गोंद घ्यावा, आणि तो जोडाच्या आतच राहील, वर आलेला थेंब न् थेंब सुकल्यावर तासला जाईल हे बघावं. जोड दोरीने किंवा शिकंज्यात आवळून दिवसभर ठेवायचा. सांधा भक्कम हवा असेल तर खालच्या बाजूने भेगेवर डमरूच्या आकाराची खाच खणून त्यात तसाच टणक लाकडाचा डमरू बसवतात. त्याच्या रेषा भेगेला आडव्या असतात, म्हणून दोन्ही बाजू ओढल्या तरी कंबर सुटत नाही. जुन्या दारांच्या फळ्यांवर, देवघरांच्या पाटांवर हा डमरू शोधला तर सापडतो. चांगल्या हाताने बसवलेला असला तर तो नक्षीसारखाच दिसतो.

कुठलं तेल?

नव्या पोळपाटाला पहिल्या दिवशी तेल लावा, एवढं प्रत्येक आजी सांगते. कुठलं, ते सांगत नाही. बहुतेक घरांत मग शेंगदाण्याचं लागतं, आणि दोन महिन्यांत पोळपाटाला खवट वास येतो.

तेलांत दोन जाती आहेत. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन वाळतात आणि लाकडात कडक होऊन बसतात. जवसाचं तेल त्यातलं पहिलं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग याच गुणाच्या स्निग्धाम्लाचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी रोजच्या ताटात असते, आणि घाण्यावरचं तेलही तिथे सहज मिळतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं आणि आठवडाभर वाऱ्यावर ठेवायचं. असे तीन-चार हात झाले की पाणी लाकडात चटकन शिरत नाही. यात दोन गोष्टी जपायच्या. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवसतेल वापरायचं नाही, कारण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते फर्निचरसाठी असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जवसतेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

न वाळणाऱ्या तेलांत खोबरेल बरं. ते लवकर खवट होत नाही. चार भाग खोबरेल आणि एक भाग मधमाशीचं मेण, हे मिश्रण कोकणातल्या हवेला विशेष मानवतं. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून ते थेट आचेवर नाही तर गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. कोमट असताना लाकडावर चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी खरखरीत फडक्याने जोर लावून पुसायचं. औषधाच्या दुकानातलं खाण्याजोगं लिक्विड पॅराफिनही चालतं. ते ना वाळतं ना खवट होतं, फक्त पुन्हा पुन्हा लावावं लागतं. पुन्हा कधी लावायचं ते पाण्याचा थेंबच सांगतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर थांबा, पसरून आत गेला तर तेल द्या.

धुणं, सुकवणं आणि भुंगा

लाकूड अस्वच्छ असतं हा समज प्लास्टिकच्या फळ्यांबरोबर आला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज तपासायला घेतला. 1994 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. लाकडी फळीवर सोडलेले जंतू लाकूड आत ओढून घेतं आणि ते पुन्हा वर सापडत नाहीत. सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकच्या फळीवरचे जंतू मात्र धुऊनही सहज जात नाहीत. याचा अर्थ लाकूड धुवायचं नाही असा नव्हे. मासे-मटणाची फळी वेगळी ठेवावीच, आणि कुठलीही फळी साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच सुकवावी.

सगळी मेख त्या ‘लगेच’ शब्दात आहे. सुमारे 20 टक्क्यांच्या खाली ओलावा असलेल्या लाकडात कुजवणाऱ्या बुरशीला जगता येत नाही. रात्रभर सिंकमध्ये भिजत पडलेलं उलथनं आणि डिशवॉशरमधून निघालेला पोळपाट ही मर्यादा रोज ओलांडतात. चिकटलेली कणीक आधी कोरड्या पिठाने चोळून काढावी, उरलेली बोथट कडेने खरवडावी, मग ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून उभं ठेवावं. कडक उन्हात नको, वाऱ्यावर, सावलीत. लसणीचा वास राहिला तर जाडं मीठ आणि लिंबाची फोड. अंग खरखरीत झालं असेल तर ओल्या फडक्याने पुसून सुकू द्यावं. उभे राहिलेले तंतू दिसतील, ते 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने काढावेत आणि हे दोनदा करावं. दुसऱ्या वेळेनंतर लाकूड धुतल्यावरही गुळगुळीत राहतं.

पोळपाटाखाली सकाळी बारीक पिठासारखा भुसा दिसला आणि टाचणीएवढी भोकं सापडली, तर तो भुंगा. तो खोडाच्या बाहेरच्या फिक्या लाकडातल्या पिठूळ अंशावर जगतो, गडद गाभ्याला सहसा जात नाही. म्हणून लाकूड घेताना फिकी कड टाळावी. स्वयंपाकाच्या वस्तूला कीटकनाशक कधीच लावू नये. ती वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी, वस्तुसंग्रहालयांतही कीड याच रीतीने मारतात. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं. मग भोकांत मेण भरावं. महिनाभराने पुन्हा भुसा दिसला नाही, तर वस्तू वाचली.

पुण्यातला तो सागवानी पोळपाट आता ओट्याच्या कडेला, भिंतीला टेकून उभा असतो. तो लांबट आहे, तसाच राहणार आहे, आणि पोळी त्यावर गोल होते. तुमच्याही माळ्यावर असा एखादा असेल तर यंदा फराळ आवरल्यावर तो परत गुंडाळू नका. चार दिवस उभा ठेवून बघा. त्याने नाही भागलं तर गावात किंवा पेठेत लेथ चालवणारा कातारी शोधा, आणि एका पोळपाटासाठी त्याला थांबवू नका. शेजारपाजारची पाच-सहा लाटणी, एखादी रवी, हलणारी विळी असं सगळं एकदम घेऊन जा. त्याचा अर्धा दिवस सत्कारणी लागेल एवढं काम असेल, तर तो नाही म्हणत नाही.